पहिल्या तीनशे गोळ्या

वजीरा मजगावकर बंदुकांच्या रेंजवर कामाला लागली, तेव्हा तिच्या माहेरी राजिवड्यात कुणाला ते खरंच वाटलं नाही. फोनवर तिची आई पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "बंदुका? तिथे तुझं काय काम गो?"

काम तसं साधंच होतं. मस्कतमध्ये आल्यापासून सात वर्षं वजीराने एका शाळेच्या बसवर पोरांना चढवायचं-उतरवायचं काम केलं होतं. दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात बसचा ठेका दुसऱ्याकडे गेला आणि ती घरी बसली. तिचा नवरा तय्यब शहराच्या गाला भागातल्या एका गॅरेजात ब्रेकचं काम करायचा. त्याच्या अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, चुलतभाऊ शहराबाहेरच्या एका नेमबाजी क्लबाचा मॅनेजर होता. क्लबात आठवड्यातून दोन सकाळी फक्त बायकांसाठी राखून ठेवल्या होत्या आणि त्या वेळेला आत एक बाईमाणूस हवं होतं. कानावर लावायचे मफ द्यायचे, निशाणाचे कागद बदलायचे, रिकाम्या पुंगळ्या झाडून डब्यात भरायच्या, मागितला तर चहा द्यायचा. वजीरा तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती. घरात बसून तिला कंटाळा आला होता, म्हणून ती हो म्हणाली.

पहिला महिना तिला फार जड गेला. मफ लावले तरी आवाज थांबत नसे, तो कानात न शिरता छातीवर आदळे. घरी कुकरची शिट्टी झाली तरी ती दचकायची. मुलगी उमामा दहावीला होती, तिने जोरात वही मिटली तरी वजीराच्या हातातला चमचा खाली पडायचा.

"सोडून दे," तय्यब म्हणायचा.

"बघते अजून थोडे दिवस."

मग तिला एक गोष्ट आपोआप सापडली. आवाजाची वाट बघत बसलं की भीती वाटते, पण हातांकडे बघत राहिलं की वाटत नाही. बसवर तिने सात वर्षं तेच केलं होतं. कुणाचा हात खिडकीबाहेर, कुणाचा दारात, कुणाचा दुसऱ्याच्या झिंज्यांत. आता ती बायकांचे हात बघू लागली. कुणाचा अंगठा थरथरतो, कुणाचं बोट गोळी झाडून झाल्यावरही चापावरच राहतं, कुणी पिस्तूल खाली ठेवताना नळी कुठे वळवते. रेंजचा उस्ताद खलफान सैन्यातून निवृत्त झालेला होता. बोलायला तुटक, पण शिकवायला चांगला. त्याने तिला सुरुवातीलाच बजावलं होतं, "हत्यार मालकिणीचं. तू हात लावायचा नाही. काही झालं तर मला हाक मार."

त्या हिवाळ्यात शहरातल्या एका दुकानात स्वस्तातली पिस्तुलं आली. कुठल्याशा परदेशी सैन्याच्या जुन्या पिस्तुलाबरहुकूम नव्याने बनवलेली, सगळी पोलादी, काळी, हातात घेतली की मनगट खाली जाईल अशी जड. किंमत मात्र इतरांच्या निम्मी. सकाळच्या बायकांमध्ये तिघींनी ती घेतली. दोघी सख्ख्या बहिणी होत्या, दोघी बँकेत नोकरीला. तिसरी शमसा.

शमसा अठ्ठावन्न वर्षांची होती. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. नवरा वारल्यावर ती बरकाकडच्या आपल्या खजुराच्या बागेत राहत होती. बागेत शेळ्या होत्या आणि रानातून कुत्र्यांच्या टोळ्या यायच्या. मुलगा हैथम शहरात राहायचा. त्याला आईचं हे पिस्तूल अजिबात पसंत नव्हतं. पण शमसाने रीतसर परवाना काढला, पिस्तूल घेतलं आणि पहिल्याच सकाळी ते कापडात गुंडाळून, नवं भांडं आणावं तसं रेंजवर घेऊन आली. तरुणपणी बहरीनमध्ये शिकताना तिच्या खोलीत एक मुंबईची मुलगी होती, त्यामुळे तिला मोडकंतोडकं हिंदी यायचं. वजीराशी ती त्याच हिंदीत बोलायची.

त्या पिस्तुलाने तिघींनाही छळलं. मॅगझिनची स्प्रिंग इतकी ताठ की सहावी गोळी भरताना अंगठ्याचं नख वाकायचं. वरची स्लाईड मागे ओढायला थोरल्या बहिणीला दोन्ही हात लागायचे, तरी ती अर्ध्यावरून निसटायची. मागचा घोडा अंगठ्याच्या बेचक्यात चावायचा, तिथे लाल वळ उठायचा. एकदा गरम पुंगळी उडून धाकटीच्या कॉलरमध्ये गेली आणि तिने अशी काही उडी मारली की खलफानसुद्धा हसला. आणि निशाण! मधल्या काळ्या गोलावर नेम धरावा, तर भोक कागदाच्या पार खालच्या कडेला.

"नव्या पिस्तुलाच्या पहिल्या तीनशे गोळ्या त्याच्या असतात," खलफान तिघींना सांगायचा. "त्यानंतरच्या तुमच्या. तोवर अडेल, रुसेल. सवय होऊ द्या."

धाकटीला ते आवडू लागलं. वळ दाखवत ती म्हणायची, "याला जीव आहे." थोरलीला लाज वाटायची, दुसऱ्या बायकांची हलकी, गुळगुळीत पिस्तुलं बघून ती आपलं पिशवीत लपवायची. शमसा चिडायची. सबंध आयुष्य तिने हाताखालच्या माणसांना एका शब्दात सरळ केलं होतं, आणि हे लोखंड ऐकत नव्हतं. दर चार-पाच गोळ्यांनी काहीतरी अडकायचं. पुंगळी अर्धी बाहेर, अर्धी आत. ती पिस्तूल टेबलावर आपटायची आणि खलफानला हाक मारायची. "उस्ताद! पुन्हा!"

वजीराला त्या 'पुन्हा'ची धास्ती बसली होती. कारण 'पुन्हा' म्हणताना शमसा पूर्ण वळायची. पहिल्यांदा खांदा, मग मान, मग पिस्तूल धरलेला हात. दोनदा खलफानने तो हात हवेतच थांबवला होता.

जानेवारीतल्या एका मंगळवारी तिसऱ्यांदा तसं झालं. दोघी बहिणींचं आटोपलं होतं, त्या मागच्या बाकावर बसून मफ काढत होत्या. खलफानचा फोन वाजला. "थांबा, मी येईपर्यंत कुणी झाडायचं नाही," असं म्हणून तो दाराबाहेर गेला. शमसाच्या मॅगझिनमध्ये गोळ्या उरल्या होत्या. ती क्षणभर थांबली, मग तिने नेम धरलाच. चाप ओढल्यावर नुसता 'टक्' आवाज झाला. गोळी सुटली नाही.

"बघ! पुन्हा!" असं म्हणत शमसा वळली.

पिस्तुलाची नळी आधी भिंतीवरून फिरली आणि मग वजीराच्या पोटासमोर आली. वजीराला ते काळं भोक दिसलं, आणि त्याच्या मागे शमसाचं बोट. बोट चापावर होतं. वजीराच्या मागे बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. तिच्या तोंडून हाक निघाली नाही. तिने दोन्ही हातांनी शमसाचं मनगट पकडलं आणि सगळं वजन टाकून खाली दाबलं, नळी वाळूच्या पोत्यांकडे वळेपर्यंत पिळलं. शमसा किंचाळली आणि गुडघ्यावर बसली.

खलफान धावत आत आला. त्याने पिस्तूल काढून घेतलं, मॅगझिन उतरवलं, स्लाईड मागे ओढली. एक न उडालेली गोळी चटईवर पडली. वजीराने ती पाहिली. तिच्या बुडाला घोड्याचा ठोका बसल्याची खूण होती. खलफानने ती उचलली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

"खलास," तो म्हणाला. "काही नव्हतं. सगळे शांत व्हा."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. शमसाच्या मनगटाच्या हाडाला चीर गेली होती. तिच्या मुलाने लेखी तक्रार केली होती की क्लबातल्या परदेशी नोकर बाईने त्याच्या आईवर हात टाकला. रविवारी चौकशी होईल, तोवर येऊ नकोस.

बुधवार ते रविवार वजीरा घरात एका जागी टेकली नाही. धुतलेले पडदे तिने पुन्हा धुतले. फ्रिज उघडून समोर उभी राहायची आणि कशासाठी उघडला ते विसरायची. इमारतीच्या जिन्यावरून उगाच खाली जायची, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालायची आणि काही न घेता परत यायची. तिला नोकरीची काळजी होती, पण त्याहून मोठं काहीतरी आत कुरतडत होतं. खलफानने 'काही नव्हतं' म्हटलं होतं. तो सैन्यातला माणूस. आपण बसवरची बाई. आपण खरंच गोळी पाहिली का? की घाबरलेल्या डोळ्यांनी काहीतरी बघितलं आणि एका म्हाताऱ्या बाईचा हात मोडला?

शुक्रवारी दुपारी तय्यब नमाजाहून आला तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती. तांदूळ भिजवलेले तसेच होते.

"तू नक्की पाहिलंस ना?" त्याने विचारलं.

"पाहिलं."

"नक्की?"

"तुम्ही असं विचारलंत की मलाच वाटतं नाही पाहिलं!" ती ओरडली. मग खुर्चीवर बसली आणि लगेच उठली. "बोट चापावर होतं. तेवढं मी मेले तरी विसरणार नाही."

तय्यब घाबरला होता. अर्बाबने त्याला गॅरेजात काही बोलून दाखवलं नव्हतं, पण सकाळचा सलाम घेतला नव्हता. उमामाची परीक्षा महिन्यावर होती. "माफी मागून टाक," तो म्हणाला. "आपण दुसऱ्याच्या मुलखात आहोत. माफी मागितल्याने माणूस लहान होत नाही."

रविवारी मॅनेजरच्या खोलीत खलफान भिंतीला टेकून उभा होता. मॅनेजरने वजीराला सगळं सांगायला लावलं, मग खलफानला विचारलं, "नळीत गोळी होती?"

"आठवत नाही," खलफान म्हणाला. "ओरडायला हवं होतं तिने. हात लावायला नको होता."

"तुम्ही खिशात टाकलीत," वजीरा म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "डाव्या खिशात."

खलफान खिडकीकडे बघू लागला. मॅनेजरने दोघांकडे पाहिलं, पुढे काही विचारलं नाही. त्याला हे लवकर मिटवायचं होतं. "मदामच्या घरी जा आणि माफी माग. त्यांनी तक्रार मागे घेतली तर बघू."

त्याच संध्याकाळी तय्यबने गॅरेजातल्या एकाची गाडी मागून घेतली. बरकापर्यंत वजीरा मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती आणि दर वळणावर मोडत होती.

शमसाने त्यांना मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या खोलीत, बसवलं. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. हैथमही होता. कॉफी आली, खजूर आले. विचारपूस झाली. तय्यबने वजीराकडे बघितलं.

"मदाम," वजीरा म्हणाली, "तुमच्या हाताला लागलं, त्याची मी माफी मागते. रोज दुवा करते की तो लवकर बरा होवो." ती थांबली. पुढचं वाक्य तिने वाटेत जुळवलेलं नव्हतं. "पण हात खाली दाबला, त्याची माफी नाही मागता येणार. पुन्हा तसं झालं तर मी पुन्हा दाबीन."

तय्यबच्या हातातला कॉफीचा पेला तिथेच राहिला. हैथम उठून उभा राहिला आणि अरबीत भराभर काहीतरी बोलू लागला. शमसाने डावा हात वर केला. तो गप्प झाला, शाळेतल्या पोरासारखा.

"मला एक सांग," शमसा वजीराला म्हणाली. "माझं बोट कुठे होतं?"

"चापावर."

बाहेर शेळ्यांचा आवाज येत होता. शमसाने आपल्या प्लास्टरमधल्या हाताकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली. "चापावर होतं. मला आठवतंय. पाच दिवस मी याला सांगतेय की बाहेर होतं." तिने मुलाकडे बघितलं नाही. "तीस वर्षं मी मुलींना खोटं बोलताना पकडलं. एक नजर टाकली की कळायचं मला. आणि आता मीच..." डाव्या हाताने फोन उचलून तिने खलफानला लावला आणि तो मोठ्या आवाजावर ठेवला. खलफानच्या दोन्ही मुली तिच्या शाळेत शिकल्या होत्या.

"खलफान, त्या दिवशी नळीत गोळी होती की नव्हती?"

पलीकडे खलफान नुसता खाकरला.

"मी विचारतेय."

"होती, उस्ताधा," शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं खलफान म्हणाला. "ठोका बसलेली. उडाली नव्हती. तशी गोळी उशिरानेही उडू शकते."

"तू कुठे होतास?"

"बाहेर. फोनवर." मग हळूच, "मी जायला नको होतं."

हैथम खाली बसला. थोड्या वेळाने त्याने स्वतः तय्यबच्या पेल्यात कॉफी ओतली. परतीच्या वाटेवर तय्यब एकच वाक्य बोलला, "मला वाटलं होतं आज आपलं सामान बांधायला लागणार." वजीरा हसली नाही. ती रस्त्यावरचे दिवे मोजत होती.

तक्रार मागे घेतली गेली. खलफानला लेखी ताकीद मिळाली. पण क्लबाने वजीराला रेंजच्या आतून काढून चहाच्या खोलीत बसवलं. मॅनेजर म्हणाला, "तिथे तुला त्रास नाही." त्रास नव्हता खरा. पण भिंतीपलीकडून गोळ्यांचे आवाज यायचे आणि ती ते मोजायची. एक, दोन, तीन. मग मध्येच खंड पडायचा. तो खंड तिला सहन व्हायचा नाही. हातातली किटली ठेवून ती दाराशी जायची. कोण वळतंय? नळी कुठे आहे? पुन्हा आवाज आला की श्वास सुटायचा. असे तीन आठवडे काढल्यावर ती मॅनेजरसमोर उभी राहिली.

"मला आत उभं राहून लक्ष ठेवायचं काम शिकवा. नाहीतर मी सोडते."

मॅनेजरला हसू आलं. "त्याला परीक्षा आहे. लेखी. आणि दहा गोळ्या झाडून दाखवाव्या लागतात. तू कधी झाडलीस?"

"नाही."

"मग?"

"शिकेन, इन्शाल्ला."

नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं. दहावीचे पेपर झाल्यावर उमामा ते आईला वाचून दाखवू लागली. उमामाचं मराठी अडखळत चालायचं. "अम्मी, मझल म्हणजे... ते गनचं... तोंड?"

"नळीचं तोंड गो."

"ओके. तर ते नेहमी सेफ डिरेक्शनमध्ये... म्हणजे जिथे कोणी नाही तिकडे." मग तिने पुस्तक खाली ठेवलं. "अम्मी, ते तुझ्याकडे होतं ना? त्या दिवशी?"

आईने तिला तेवढं सांगितलेलं नव्हतं. "तुला कोण म्हणालं?"

"अब्बा." उमामाचे डोळे भरले होते. "अँड तू परत तिकडेच जायला स्टडी करतेयस."

वजीराने मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "वाच पुढचं."

पहिल्या खेपेला ती लेखी परीक्षेत नापास झाली. इंग्रजी प्रश्न दोनदा वाचून होईपर्यंत वेळ संपला. दुसऱ्या खेपेला खलफानने परीक्षकाला सांगून तिची तोंडी घ्यायला लावली. त्याबद्दल तो तिच्याशी कधी बोलला नाही, ना तिने आभार मानले. त्या दोघांत तेव्हापासून एक अवघडलेली सभ्यता राहिली, ती शेवटपर्यंत तशीच.

दहा गोळ्यांसाठी पिस्तूल शमसाने दिलं, तेच. तिचं मनगट बरं झालं होतं, पण पकड पूर्वीसारखी राहिली नव्हती. ती मफ लावून मागे उभी राहिली. वजीराने मॅगझिन भरलं, सहाव्या गोळीला तिचंही नख वाकलं. स्लाईड ओढताना खांद्यापर्यंत कळ गेली. पहिली गोळी तिने डोळे मिटून झाडली आणि ती कुठे गेली ते कुणालाच सापडलं नाही. घोडा बेचक्यात चावला. चौथ्या गोळीला पुंगळी अडकली. वजीरा वळली नाही. नळी समोर, बोट बाहेर, आणि तिने डावा हात वर केला. खलफान आला, मोकळं करून गेला. दहापैकी सहा कागदावर लागल्या, सगळ्या खालच्या अंगाला. पास व्हायला तेवढं पुरलं.

"कसं वाटलं?" शमसाने विचारलं.

"वाईट," वजीरा म्हणाली. हाताला पोलादाचा आणि जळक्या दारूचा वास येत होता, तो तिला आवडला नाही. तिने पुन्हा कधी गोळी झाडली नाही.

पुढची चार वर्षं मंगळवारी आणि गुरुवारी ती आत उभी असायची, पिवळा पट्टा दंडाला बांधून. शमसा म्हणायची, वजीरा नसेल तर मी येत नाही. तिच्या पिस्तुलाच्या तीनशे गोळ्या कधीच उलटून गेल्या होत्या आणि ते खरंच कमी रुसायचं. थोरल्या बहिणीने आपलं विकून टाकलं. धाकटी क्लबाच्या स्पर्धेत तेच जड पिस्तूल घेऊन उतरली आणि तिसरी आली.

काम मात्र कधी सवयीचं झालं नाही. दोन हजार अठराच्या एका सकाळी एक कॉलेजातली मुलगी पहिल्यांदाच आली होती. तिच्या वडिलांनी तिला नवं पिस्तूल घेऊन दिलं होतं. तिसऱ्या गोळीला ती हसत, मैत्रिणीला काही सांगायला वळली. वजीराने असा आवाज दिला की अख्खी रेंज थांबली. मुलगी जागच्या जागी गोठली, बोट बाहेर, नळी अर्ध्या वाटेवर. वजीराने तिला हलू न देता पिस्तूल हळूच पुन्हा समोर करायला लावलं, मग खाली ठेवायला लावलं. मुलगी रडू लागली आणि मग रागाने म्हणाली, "एवढं ओरडायची काय गरज होती? सगळ्यांसमोर?"

खलफानला खूण करून वजीरा दाराबाहेर आली आणि उन्हात गाड्यांच्या रांगेपाशी उभी राहिली. तय्यबचा फोन आला, डबा खाल्लास का, म्हणून. नाही, म्हणाली, खाते. आतून पुन्हा आवाज सुरू झाले. तिने ते मोजले. एक, दोन, तीन, चार. मग खंड पडला, आणि ती दार ढकलून आत गेली.